वॉटर इंजिनिअर

बाबा,

आज एका बाईंनी माझं आडनाव ऐकून माझा चहाचा कप बदलला, आणि राग मात्र मला तुमचा आला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही. आपल्यावर घरची माणसं रागावलेली असणार हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांनीच तो मरायच्या आधी करून ठेवला असावा. मी तो पाळणार नाही.

झालं ते असं. इथे नॉटिंगहॅममध्येच पुण्याचं एक तरुण जोडपं भाड्याच्या घरात राहतं. दोघंही सॉफ्टवेअरमधली. दिवाळी करून परत येताना नवऱ्यानं सुटकेसमधून जेट स्प्रे आणला आणि व्हिडिओ बघून कमोडशेजारी स्वतःच बसवला. आता पुण्यातलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून सावकाश खाली उतरतं, आणि इथलं रस्त्याखालच्या मुख्य पाइपातून थेट धडका देत घरात शिरतं. तिकडची नळी इकडचा दाब किती दिवस सोसणार? दोन महिने सोसला हेच पुष्कळ. काल सगळे बाहेर गेले असताना ती फुटली आणि बाथरूमखालच्या स्वयंपाकघराचं निम्मं छत ओट्यावर आलं. दर हिवाळ्यात मला असे तीन-चार फोन येतात, आणि ते सगळे आपल्याच लोकांचे असतात. इंग्रज माणूस ही चूक करत नाही, कारण तो कागदानं पुसतो आणि मोकळा होतो. मी आपल्या लोकांना हसत नाही. जानेवारीतल्या इथल्या पाण्याची धार जो रोज सकाळी अंगावर घ्यायला तयार असतो, त्याच्या स्वच्छतेबद्दल मला आदरच आहे.

दार त्या तरुणाच्या बायकोनं उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या व्हॅनकडे पाहिलं. "ओह, तुम्हीच करणार का? आय मीन, मला वाटलं तुम्ही कुणाला तरी पाठवाल." हे ऐकायची मला तीस वर्षांची सवय आहे. मुलगी गोड होती, माझ्या पिशव्या वर न्यायला तिनं मदत केली, आणि कुणाचा तरी फोन आला तेव्हा "नंतर बोलते, प्लंबर आल्या आहेत" असं म्हणाली. त्या 'आल्या आहेत'नं मला किती बरं वाटलं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. दोन तासांत मी इथल्या दाबाची नळी बसवली, भिंतीपाशी वेगळी चावी दिली, वापर झाला की ती चावी दर वेळी बंद करायची हे तिला दोनदा समजावलं आणि खाली आले. खाली तिच्या सासूबाई बसल्या होत्या, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या, अंगात शाल, पायात मोजे, पाठ रेडिएटरला. चहा तयार होता. कान तुटून परत चिकटवलेला एक मग माझ्यासाठी काढलेला होता आणि चहा त्यात ओतून झाला होता. मी मराठी बोलतेय हे ऐकून त्या खूश झाल्या. कुठल्या म्हणाल्या, नागपूरच्या म्हटलं. मग अर्थातच आडनाव. मी सांगितलं. बाबा, त्या बाई उठल्या, माझ्या समोरचा मग त्यांनी उचलला, चहा सिंकमध्ये ओतून दिला, कपाटातून सोनेरी काठाची कपबशी काढली आणि तीत माझ्यासाठी दुसरा चहा गाळला. मग समोर बसून त्यांनी विचारलं, हे काम तुम्ही कसं काय करता. आवडतं म्हणून, मी म्हटलं. वडील काय करायचे? सर्जन होते, पोटाचे. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि अगदी खऱ्या कळवळ्यानं म्हणाल्या, "किती वाईट वाटलं असेल हो त्यांना."

म्हणजे तो चिकटवलेला मग कुणासाठी होता? माझं आडनाव दुसरं काही निघालं असतं तर मी त्यातूनच प्याले असते, आणि त्या बाईंना त्यात काहीही वावगं वाटलं नसतं. कपबशी मला नव्हतीच, ती आडनावाला होती. मला तिथेच बोलायला हवं होतं. मी चार शब्द नक्की सुनावले असते, पण सून बिचारी लाजेनं लाल झाली होती, म्हणून मी उशीर होतोय म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघाले. व्हॅनमध्ये बसल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग आठवला तो आपल्या घरातला निळा मग.

तुम्हाला आठवतो की नाही कोण जाणे. सिंकखालच्या कपाटात, भांडी घासायच्या पावडरीशेजारी तो असायचा. काठाला टवका उडालेला. घरात प्लंबर आला, गटार साफ करणारा आला, खिडक्या पुसणारा आला की आई चहा करायची आणि तुम्ही खुर्चीतूनच म्हणायचात, "तो निळा दे." नागपूरहून आपण आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हॉस्पिटलमध्ये तुम्हाला काही लोक कशी वागणूक देतात, कन्सल्टंट झाल्यावरसुद्धा पेशंट कसे तुमच्या मागे उभ्या असलेल्या गोऱ्या ज्युनिअरकडे बघून बोलतात, हे तुम्ही रोज जेवताना सांगायचात.  मला तुमच्या बाजूनं भांडावंसं वाटायचं. आणि त्याच टेबलापासून चार पावलांवर, सिंकखाली, तो मग होता. तुम्हाला ते दोन्ही एकाच वेळी कसं जमलं, हे मला आजवर उमजलेलं नाही.

माझं काम सुरू कसं झालं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, तेव्हा आता ऐका. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही चार मुली एका जुन्या घरात राहायचो आणि त्या घरातल्या एकुलत्या एक संडासाचा फ्लश बिघडला. घरमालक उद्या येतो, परवा येतो करत राहिला. आठवडाभर आम्ही बादलीनं पाणी ओतलं. शेवटी एका सकाळी मी टाकीचं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि आत पाहिलं. तरंगणारा गोळा, त्याची दांडी, पाणी आत सोडणारी आणि अडवणारी चावी, आणि हँडलला जोडणारी तार, जी मधोमध तुटली होती. बाबा, त्या दोन वर्षांत त्या कॉलेजात शिकवलेलं काहीही मला इतकं लख्ख समजलं नव्हतं. मी कपड्यांच्या हँगरची तार वाकवून आकडा केला, अडकवला आणि हँडल दाबलं. पाणी धडाडत गेलं. खालून मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी मी फार्मसी सोडली आणि कॉलेजात प्लंबिंगच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात बाई मी एकटीच.

ते सांगायला आले तो रविवार मला स्वच्छ आठवतो. स्वयंपाकघर. आई पोळ्या लाटतेय. तुम्ही वर्तमानपत्र वाचताय. मी सांगते, तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालता, पुन्हा घालता, इतकी लहान करता की ती खिशात मावेल. आणि मग म्हणता, "आपल्या घरात आजवर कुणी संडासात हात घातलेला नाही."

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. तोंड आवरायचं वय नव्हतं ते. मी म्हटलं, "तुम्ही रोज कशात हात घालता, बाबा?" आईच्या हातातलं लाटणं थांबलं. खरं तर यात चूक काय होतं? तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांची आतडी साफ करायचात, तुंबलेलं मोकळं करायचात, फाटलेलं जोडायचात. मी भिंतीतल्या नळ्यांचं तेच करणार होते. आपल्या दोघांत मिळून एक घर वरून खालपर्यंत निरोगी झालं असतं. पण तुम्ही उठून गेलात आणि पुढचे आठ महिने माझ्याशी बोलला नाहीत. फोन केला की "आईला देतो" एवढंच.

परीक्षा पास झाले तेव्हा आईच्या हाती तुमची भेट आली. वरून रंगीत कागद. आत सर्जिकल ग्लव्हजचा खोका, शंभराचा. चिठ्ठी नव्हती. आई म्हणाली, "ते म्हणालेत, निदान हे घाल म्हणावं." मी त्यातले एकदा घालून पाहिले. पितळी नट फिरवताना दुसऱ्या आट्यालाच फाटले. तुम्हाला ते कळणारच नव्हतं, कारण मी काय काम करते हे तुम्ही कधी पाहिलंच नाहीत. तुम्हाला फक्त त्याचा वास माहीत होता, आणि तोसुद्धा डोक्यातला.

मग आली इथल्या मराठी मंडळाची ती दिवाळी. कौन्सिलचा हॉल, रांगेनं मांडलेली टेबलं, हीटर चालत नव्हता म्हणून शालूवर कोट घातलेल्या बायका. माझ्या हातात फराळाची कागदी प्लेट आहे. माझी पाठ तुमच्याकडे आहे. आणि मला तुमचा आवाज ऐकू येतो, बर्मिंगहॅमहून आलेल्या कुणा डॉक्टरांना सांगताना: "माझी मुलगी वॉटर इंजिनिअर आहे." त्यांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय? "वॉटर मॅनेजमेंट. डिस्ट्रिब्यूशन साइड." किती सहज म्हणालात! एवढा सराव कुठे केला होतात? मी वळून बोलू शकले असते. चकली चावत उभी राहिले.

त्यानंतर त्या दोन शब्दांनी माझं काय केलं ते तुम्हाला कधी कळलं का? मंडळातले काका लोक मला धरणांबद्दल विचारायचे. एकांनी विदर्भातल्या भूजलाविषयी माझं मत मागितलं. मी ओव्हरफ्लोच्या पाइपाबद्दल काहीतरी बोलले आणि त्यांनी गंभीरपणे मान हलवली. एका काकूंनी पुतण्याला मास्टर्स करायचंय म्हणून माझ्याकडे पाठवलं. तो मुलगा सूट घालून आला आणि माझ्या घरासमोरची व्हॅन, व्हॅनवरची शिडी आणि कमोडचं खोकं बघून घोटाळला. मी त्याला चहा दिला आणि खरं सांगितलं. तो कुणाला काही बोलला नाही. तुमची अब्रू त्या परक्या पोरानं राखली, बाबा. आणि मी मंडळात जाणंच सोडून दिलं. तिथल्या चाळीस घरांपैकी निम्म्यांचे नळ गळत असतील, एकानंही मला कधी बोलावलं नाही. वॉटर इंजिनिअरला कोण नळ दुरुस्त करायला सांगणार?

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. आई मला बोलवायची. तुम्ही ड्यूटीवर असताना. "आज उशिरा येणारेत, येऊन जा गं जरा," एवढाच निरोप असायचा. वॉशर बदलून दे, फ्लश नीट कर, थंडी सुरू व्हायच्या आधी माळ्यावरच्या नळ्यांना कापडं गुंडाळून दे. गुंडाळायला ती स्वतःच्या जुन्या सुती साड्या काढून ठेवायची, आणि मी त्यावर दुकानातलं फोमचं आवरण चढवायचे. काम झालं की आम्ही दोघी जमिनीवर बसून पोहे खायचो. संध्याकाळी तुम्ही यायचात आणि वर्षानुवर्षं लोकांना सांगायचात की इंग्रजांची बांधणी म्हणजे बांधणी, आमच्या घरात कधी एक थेंब गळलेला नाही. तो थेंब मी गळू देत नव्हते. आई हे पोटात घेऊन गेली. तिच्यामागे मला तुमच्या घरात यायचं तर मिठाईचा पुडा घेऊन यावं लागायचं, हत्यारांची पिशवी घेऊन नाही. आणि मग घर गळायला लागलं.

आई गेल्यानंतरच्या एका शनिवारी मी आले, तर वर बाथरूममध्ये कुणीतरी काम करत होतं. बेसिनचा गार पाण्याचा नळ ठिबकत होता. मी बाहेरच्या खोलीत तुमच्यासमोर बसले, हातात बर्फी, आणि वरून येणारा आवाज ऐकत राहिले. तो माणूस नुसता वॉशर बदलत होता. आत जिथे वॉशर टेकतो ती बैठक झिजली होती, ती घासून सपाट करायला हवी होती, आणि तो तसं काही करत नव्हता, वरून फक्त करकचून आवळत होता. महिन्याभरात पुन्हा ठिबकणार हे मला खुर्चीत बसल्याजागी कळत होतं. मी उठायला लागले तर तुम्ही हातानंच बस म्हणालात. मग तो खाली आला. तुम्ही ओळख करून दिलीत, "माय डॉटर. शी इज इन वॉटर." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसला. आमचं सामान एकाच दुकानातून यायचं. काउंटरवर रोज सकाळी भेट व्हायची. तो तुमच्याकडे वळून म्हणाला, हिच्यापेक्षा चांगला प्लंबर या गावात नाही, ही घरात असताना मला कशाला बोलावलंत? तुम्ही क्षणभरसुद्धा अडखळला नाहीत. "शी इज ऑन लीव्ह टुडे." आणि मग मला मराठीत म्हणालात, "याला चहा देशील का? तो निळा मग आहे बघ खाली."

मी दिला. त्याच मगात दिला. याची लाज मला आज कपबशी बघताना वाटली, इतक्या वर्षांनी. त्या बाईंना मी कोणत्या तोंडानं चार शब्द सुनावणार होते?

आणि आता तो शेवटचा हिवाळा. तेवढी थंडी त्यानंतर इथे पडलेली नाही. रस्त्यावरचं बर्फ महिनाभर हललं नाही. घर आणि पाणी दोन्ही तापवणाऱ्या नव्या धर्तीच्या बॉयलरला एक बारीक पांढरी प्लास्टिकची नळी असते, बॉयलरमध्ये साचणारं पाणी ती थेंब थेंब बाहेर गटारात सोडते. बिनडोक लोकांनी ती हजारो घरांत भिंतीबाहेर उघड्यावर बसवून ठेवली आहे. कडक थंडीत ती गोठते, पाणी मागे तुंबतं, बॉयलर गुरगुरतो आणि बंद पडतो. औषध काय? नळीवर कोमट पाणी ओतायचं आणि बॉयलरचं एक बटण दाबायचं. बस. त्या महिन्यात मी दुसरं काही केलंच नाही. सकाळी अंधारात निघायचं, अंगणांमागून अंगणं, किटल्यांमागून किटल्या. आणि माझ्याच गावात, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, माझा बहात्तर वर्षांचा बाप अकरा दिवस गार घरात बसून होता. माकडटोपी, दोन स्वेटर, अंगावर आईची शाल. आंघोळीला पाणी किटलीत तापवून जिन्यावरून वर नेत होता. मला कुणी सांगितलं नाही. मला हे सगळं कळलं ते तुम्हाला छातीच्या संसर्गासाठी हॉस्पिटलात नेल्यावर, वॉर्डातल्या नर्सकडून. ती मला विचारत होती की वडिलांच्या घरी हीटिंग नाही का. तुम्ही ज्या हॉस्पिटलात वीस वर्षं काम केलं तिथे उभं राहून मला विचारत होती, आणि मी काम करायचे कपडे घातले होते, पाठीवर माझा व्यवसाय छापलेला.

त्यानंतर नऊ दिवस तुम्ही होतात. बहुतेक वेळ झोपेत. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय थकलेलं होतं, थंडीशी थेट संबंध लावता येणार नाही. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर हेच म्हणाला असतात. मी डॉक्टर नाही. मला संबंध लावता येतो.

सगळं आटोपल्यावर मी तुमच्या घरी एकटी गेले. बोलले की तोंडातून वाफ निघत होती. फोनशेजारच्या पॅडवर तुमच्या त्या न लागणाऱ्या अक्षरात चार प्लंबरांचे नंबर होते, तीन खोडलेले, चौथ्यापुढे दोन आठवड्यांनंतरची तारीख. चार परक्या माणसांपुढे तुम्ही हात पसरलात. माझा नंबर त्यात नव्हता. मी किटली ठेवली, मागच्या अंगणात गेले. थंडी अजून तशीच होती आणि नळी काठोकाठ गोठलेली होती. पाणी ओतलं, बटण दाबलं. बॉयलर एकदा खोकला आणि चालू झाला. सगळं मिळून बारा मिनिटं लागली, कोट न काढता. मग मी तुमच्या खुर्चीत बसले आणि तुम्ही नसलेलं घर खोली खोलीनं गरम होत गेलं. मी तिथे मोठमोठ्यानं ओरडले, बाबा. काय ओरडले ते लिहीत नाही. एका शब्दासाठी! प्लंबर या एका शब्दासाठी माणूस अकरा दिवस गारठतो? संडासात हात घालणारी मुलगी चालत नव्हती तर नसू दे, पण निदान बॉयलर तरी सोवळ्यातला होता ना!

इतकं सगळं त्या सासूबाईंना ऐकवायचं होतं. "त्यांना वाईट वाटलं असेल" म्हणे. वाईट मला वाटलं. हे पत्र मी त्यांच्यासाठीच लिहायला बसले असंही वाटतंय, पण वर नाव तुमचं पडलं. ते पाठवायचा प्रश्नच येत नाही, आणि पत्ता असता तरी मी ते पाठवलं नसतं. कारण वर एक ओळ मी लिहिली आहे, मला कुणी सांगितलं नाही अशी. ती खरी नाही.

थंडी पडल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला होता. मी कुणाच्या तरी मागच्या अंगणात गुडघ्यावर बसले होते. तुम्ही विचारलंत, "कामं बरी चालली आहेत का?" सोळा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, खूप आहेत. तुम्ही म्हणालात, या थंडीत लोकांचे बॉयलर बंद पडत असतील. पडतात, मी म्हटलं. तुम्ही विचारलंत, "मग लोक काय करतात?"

ताकाला जाऊन भांडं लपवत होतात, आणि मला ते त्याच क्षणी कळलं. तुमचा आवाज गारठलेला होता. मी येते म्हणू शकले असते. यायचं नव्हतं तर नुसतं सांगता आलं असतं, मागच्या भिंतीतून पांढरी नळी बाहेर आलीय बघा, तिच्यावर कोमट पाणी ओता. मी म्हणाले, "लोक प्लंबरला बोलावतात, बाबा."

 तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे," आणि फोन ठेवलात.

मला तुमच्या तोंडून तो शब्द ऐकायचा होता. एकदाच. मी त्या संध्याकाळी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली, मग आठ दिवस पाहिली. त्या आठ दिवसांत मी तुम्हाला फोन केला नाही. काम फार होतं हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं. तुमचा फोन आला त्या दिवशी मी सहा घरांतले बॉयलर चालू केले, आणि परत जाताना तुमच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी हळू केली. तुमच्या वरच्या खोलीत दिवा होता. मी तो पाहिला आणि पुढे गेले.